हरलेल्या घरचा फोन

सौ.चे माहेर फोंडा, म्हणून ती एफसी गोवाची. मुलगा बेंगळुरू एफसीचा. मी तटस्थ, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा!

६ एप्रिल २०२५, रविवारची रात्र. आय.एस.एल.ची उपांत्य फेरी. पहिल्या लढतीत बेंगळुरूने २-० अशी आघाडी घेतलेली. फातोर्ड्यात बोर्हा हेरेरा आणि सादिकूने ती फेडली, तशी सौ.ने भावाला फोन लावला. बोलणे चालू असतानाच, भरपाई वेळेत, चाळिशीतल्या सुनील छेत्रीने हेडरने गोल केला. एकूण ३-२. गोवा बाहेर! फोनवर दोन्हीकडे शांतता.

मुलगा आता नाचणार, असे मला वाटले. त्याने आईकडे पाहिले, टी.व्ही.चा आवाज कमी केला आणि फोन घेऊन म्हणाला, "मामा, होगली बिडु." कन्नड न येणाऱ्या मामाला ते बरोबर कळले.

१२ एप्रिलला कोलकात्यात अंतिम सामन्यात मोहन बागानने जादा वेळेत बेंगळुरूला २-१ असे हरवले. पहिला फोन फोंड्याहून आला. "भावोजी, पोरगा जेवला का?"

सीमाभागात जिंकल्या-हरल्याचे हिशेब आपण वर्षानुवर्षे मांडत आलो. हरलेल्याची विचारपूस करायला मात्र भाषा आडवी येत नाही, हे मला पोराने शिकवले.