आईच्या नावाचा एक दिवस

मार्च उलटला की आमच्या जळगावात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक ऊन आणि दुसऱ्या परदेशी सहलींच्या जाहिराती. ‘दहा दिवसांत सात देश’, ‘लंडन-पॅरिस, शाकाहारी जेवणासह’. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपण ही पानं नुसती चाळायचो आणि पोळ्यांच्या डब्यात तळाला घालायचो. आता तसं राहिलेलं नाही. कुणाचा भाचा तिकडे शिकायला असतो, कुणाची नणंद नोकरीला असते, कुणी पाच-सहा वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकत आलेलं असतं. आमच्या भिशीतल्या बारा जणींपैकी पाच जणींकडे पासपोर्ट आहे, आणि त्यातल्या तिघींचं यंदा जायचं घाटतंय.

मध्यंतरी मी या तिघींना सहज विचारलं, "तिकडे गेल्यावर तुला स्वतःला काय बघायचंय गं?" उत्तरं ऐका. पहिली म्हणाली, "मुलांना डिस्नेलँड दाखवायचंय." दुसरी म्हणाली, "ह्यांना क्रिकेटचं ते मैदान बघायचंय." तिसरी म्हणाली, "मला काय, सगळे बघतील ते मी बघेन." धुळ्याला राहणारी माझी मावशी तर फोनवर हसायलाच लागली. "माले काय व माय, तुम्ही म्हनशात तठे!"

प्रश्न ‘तुला’ असा होता. उत्तरात ती कुठेच नव्हती.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे, की घरातले सगळे मिळून एवढा खर्च करून एखादं मोठं शहर बघायला जाणार असाल, तर त्यातला एक दिवस आईच्या नावाचा असायला हवा. तो तिनं ठरवलेला हवा आणि बाकीच्यांनी तिच्या मागे चालायला हवं. हा काही लाड नाही. त्याचा फायदा मुलांनाही होतो. तो कसा, ते सांगते.

आधी बायकांची सहल कशी असते ते बघा. निघायच्या महिनाभर आधीपासून तिचं काम सुरू होतं. भाजणी दळून आणायची, मेतकूट, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, मुलांची औषधं, सासूबाईंच्या गोळ्या. (ब्रिटनला जाणार असाल तर पेढे, खवा आणि साजूक तूप बॅगेत भरू नका. आपल्याकडून दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे बंदी आहे.) व्हिसाची कागदपत्रं ती फाईलमध्ये लावते, बोटांचे ठसे द्यायला मुलांना मुंबई-पुण्याला घेऊन जाते. ब्रिटनचा व्हिसा पॅरिसच्या व्हिसापेक्षा वेगळा काढावा लागतो आणि त्याची फी लहान मुलांनाही मोठ्यांएवढीच पडते. हेही घरात बहुतेक वेळा तिलाच माहीत असतं. आणि एवढं सगळं करून तिकडे पोचल्यावर ती काय बघते? कुणाचे मोजे ओले झाले, कुणाला शूला लागली, कुणी जेवलं नाही. आख्खं घर तिच्याबरोबर विमानात बसून गेलेलं असतं. शहर बाकीचे बघतात.

२०२४च्या मे महिन्यात आम्ही लंडनला गेलो. मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सात देशांच्या फंदात पडलो नाही, एकच शहर धरलं. मुलं बरोबर असली की हे बरं पडतं. रोज सकाळी बॅगा भरून बसमध्ये चढायचं नाही, की पाचला उठवायचं नाही. लहानसं स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलं आणि निघायच्या आधीच एक नियम केला. माणसं पाच, तर पाच दिवस पाच जणांचे. ज्याचा दिवस त्यानं ठिकाण ठरवायचं, रस्ता शोधायचा आणि त्या दिवशी त्याला स्वयंपाकघरातून सुट्टी. मुलांना आणि नवऱ्याला या शेवटच्या अटीचं काही वाटलं नाही, कारण त्यांना ती सुट्टी रोजचीच! आम्हा दोघी बायकांना मात्र तिचा अर्थ बरोबर कळला.

मुलाच्या दिवशी नॅचरल हिस्टरी म्युझियम. १८८१ सालची ती भव्य इमारत, आणि आत शिरल्याबरोबर डोक्यावर टांगलेला निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटर लांबीचा सांगाडा. मुलगा खाली फरशीवर चक्क आडवा झोपून बघत होता. मुलीनं किंग्ज क्रॉस स्टेशन मागितलं. हॅरी पॉटरचा पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म तिथे भिंतीत अर्ध्या घुसलेल्या ढकलगाडीच्या रूपात आहे. फोटोसाठी ही मोठी रांग! नवऱ्यानं लॉर्ड्स मागितलं, १९८३चा विश्वचषक जिंकला ते. पाच दिवसांत दारात तिकीट मोजावं लागलं ते तिथेच.

खर्चाचं सांगायचं तर लंडनमधल्या ब्रिटिश म्युझियम, सायन्स म्युझियम अशा मोठ्या सरकारी संग्रहालयांची कायमची दालनं बघायला पैसे पडत नाहीत. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर भुयारी रेल्वेतून आणि बसमधून फुकट जातात. भुयारी रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही, म्हणून गुडघे दुखणारं माणूस किंवा बाबागाडी बरोबर असेल तर सरळ बस धरावी. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसवलं, की मुलांना वेगळी करमणूक लागत नाही. बसमध्ये रोख पैसे मात्र चालत नाहीत, कार्डच लागतं. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली घरूनच भरून न्यावी.

आता सासूबाईंचा दिवस. निघायच्या आधी विचारलं तेव्हा त्याही म्हणाल्या होत्या, "मला काय, कुठंही." मी वहीत त्यांच्या नावापुढची जागा कोरीच ठेवली. आठ दिवसांनी त्या स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "बाबासाहेब तिथं राहायचे ते घर लांब आहे का गं?" त्यांचं माहेर धुळ्याचं. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब १९३७ साली मुक्कामाला होते. ३१ जुलैला तिथे दर वर्षी माणसं जमतात. लंडनमधलं घर म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना ते तिथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. साध्या, शांत वस्तीतलं घर आहे. सासूबाईंनी बाहेर चपला काढल्या, आत जाऊन हात जोडले आणि मग नातवंडांना बसवून लांडोर बंगल्याचं सांगायला लागल्या. वडलांचं बोट धरून त्या तिथे कशा गेल्या होत्या, वाटेत काय खाल्लं होतं. हे माझ्या नवऱ्यानंही कधी ऐकलेलं नव्हतं. सत्तरीला आलेल्या बाईला "तुला कुठं जायचंय?" हा प्रश्न दुसऱ्यांदा कुणी विचारलाच नव्हता, तर ती सांगणार कधी?

माझा दिवस शेवटचा. मी मागितलं क्रिस्टल पॅलेस. नवरा म्हणाला, "तो तर जळून गेलाय ना? मग बघायचं काय?"

बरोबर आहे, तो काचेचा महाल १९३६ साली जळाला. १८५१च्या जगप्रसिद्ध प्रदर्शनासाठी तो बांधला होता, नंतर लंडनच्या दक्षिणेला टेकडीवर हलवला. पण मला त्याच्या आधीची एक आग ठाऊक होती. आपल्या अजिंठ्याची भित्तिचित्रं कापडावर उतरवण्याचं काम ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला दिलं. त्यानं जवळजवळ वीस वर्षं या कामात घातली. त्याची आणि पारोची गोष्ट आपल्या भागात सगळ्यांना माहीत असते. कवी ना. धों. महानोरांनी तिच्यावर दीर्घकाव्य लिहिलं, पुढे सिनेमाही आला. गिलनं केलेली ती मोठमोठी चित्रं लंडनला याच महालात मांडली होती आणि १८६६च्या डिसेंबरमध्ये तिथे लागलेल्या आगीत ती जळाली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली. गिल पुढे १८७९ साली वारला. त्याची कबर कुठे आहे? आपल्या भुसावळला!

पुन्हा मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून तेच काम नव्यानं केलं. तीही चित्रं लंडनला गेली आणि त्यातलीही बरीच १८८५च्या आगीत गेली. उरलेली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. सगळी काही मांडलेली नसतात, पण त्यांचे फोटो संग्रहालयाच्या वेबसाइटवर आहेत. ते घरबसल्या बघता येतात.

तर आम्ही गेलो. आता तिथे बाग आहे. महालाच्या रुंद पायऱ्या आणि दगडी ओटे तेवढे शिल्लक आहेत. पोरांना वाटलं, आईनं कुठं आणलं! पण त्याच बागेत तळ्याकाठी १८५४ सालचे डायनोसॉरचे भलेमोठे पुतळे आहेत. त्या काळी शास्त्रज्ञांना जेवढं माहीत होतं त्यावरून बनवलेले. एका प्राण्याच्या नाकावर शिंग बसवलंय. ते हाड मुळात त्याच्या अंगठ्याचं होतं, हे पुढे कळलं. मुलगा तिथेच रमला. मुलगी माझ्याजवळ पायरीवर बसली. मी तिला गिलचं सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "वीस वर्षांचं काम एका रात्रीत गेलं? मग आता ती चित्रं कुठंच नाहीत?"

म्हटलं, "नकला गेल्या. अस्सल आहेत ना, आपल्या घरापासून साठ किलोमीटरवर."

"शाळेच्या सहलीत गेलो होतो," ती म्हणाली, "पण आम्हाला नुसतं रांगेत पळवलं. काहीच बघू दिलं नाही." मग तिनंच विचारलं, "आपण परत जाऊया?" आणि थोड्या वेळानं, अगदी सहज, "आई, तुला हे सगळं कसं माहीत?"

या शेवटच्या प्रश्नासाठी मी हा लेख लिहितेय. बारा वर्षांच्या मुलीला आपल्या आईच्या डोक्यात डबा, गृहपाठ आणि कपड्यांच्या घड्यांशिवाय आणखी काही असतं, हे त्या दिवशी दिसलं. ते दिसायला आईला एक दिवस पुढे चालावं लागलं. आज जी मुलगी "मला काय, कुठंही" हे उत्तर रोज ऐकते, ती उद्या तेच उत्तर देणार आहे. कॉलेज निवडताना, नोकरीच्या वेळी, लग्नाच्या वेळीसुद्धा. आणि जो मुलगा हे ऐकत मोठा होतो, तो उद्या बायकोला विचारायचंच विसरणार आहे.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा नऊ वाजत आले तरी बाहेर उजेड होता. बापलेकीनं खिचडी केली. मीठ कमी होतं, पण कुणी मला उठवलं नाही.

काही जणी म्हणतील, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही टूरबरोबरच जाणार. जा की. अनोळखी देशात सोबत असली की धीर येतो आणि जेवणाची काळजी मिटते. पण टूरमध्येही एखादी दुपार मोकळी असते. ती खरेदीत आणि मुलांच्या हट्टात जाऊ देण्याआधी आपली म्हणून मागून घ्या. काय मागावं हे सुचत नसेल तर आपल्या गावाकडून सुरुवात करा. जगातल्या मोठ्या शहरात आपल्या मातीचं काही ना काही सापडतं, आणि ते शोधताना मुलांनाही त्या शहराची ओळख पटते. नाही तर त्यांच्यासाठी घड्याळाचा मनोरा काय आणि पाळणा काय, फोटोपुरतंच.

आणि काही जणी म्हणतील, आमच्या नशिबी कुठलं लंडन! अहो, हा नियम अजिंठ्यालाही लागू होतो, महाबळेश्वरलाही आणि शिर्डीलाही. आम्ही परत आल्यावर डिसेंबरात अजिंठ्याला गेलो. सगळी लेणी पालथी घातली नाहीत. एक नंबरचं आणि सतरा नंबरचं, दोनच सावकाश पाहिली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

यंदा सुट्टीचं ठरवायला बसाल तेव्हा एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. तुमचंही लिहा, आणि सासूबाईंचंही. नावापुढं ‘काहीही चालेल’ असं लिहायचं नाही, ठिकाणाचं नाव लिहायचं. पहिल्या दिवशी सुचलं नाही तर जागा कोरी ठेवा, खोडून टाकू नका. आठ दिवसांनी पुन्हा विचारा.