काच मागा

एका महाविद्यालयाच्या निविदेचा मसुदा गेल्या महिन्यात वाचायला मिळाला. बत्तीस पाने. अनामत रक्कम किती, बँकहमी कोणती, बिल किती प्रतींत, स्टॅम्पपेपर कितीचा, सगळे होते. जोडणीबद्दल मात्र एकच ओळ: ‘५०० एमबीपीएस, एक वर्षाकरिता.’ केबल कुठल्या रस्त्याने येणार, किती कोअरची, तुटली तर किती तासांत कोण येणार, आवारात शिरल्यावर कुठे संपणार, याचा पत्ता नाही. मसुदा करणाऱ्या प्राध्यापकांना फोन केला, तर म्हणाले, “सर, गेल्या वर्षीचाच आहे. आकडा तेवढा वाढवला.”

त्यांना दोष देऊन उपयोग नाही. जोडणी म्हणजे एमबीपीएस, ही सवय आपणच लावली. विकणाऱ्यांना ती सोयीची, कारण आकडा दरवर्षी नव्याने विकता येतो. गरीब प्रदेशांत संशोधनाची आणि शिक्षणाची जाळी उभारणाऱ्यांना मात्र ही सवय फार लवकर सोडावी लागली. परवडतच नव्हती.

२००९ पूर्वीची पूर्व आफ्रिका आठवा. केनिया, टांझानिया, युगांडा, रवांडा यांच्या वाट्याला समुद्राखालची एकही केबल नव्हती. विद्यापीठे उपग्रहावर. छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायचे, त्यामुळे प्रत्येक प्रश्नोत्तराला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ, आणि एका एमबीपीएसला महिन्याकाठी हजारो डॉलर. अशा काळात, २००५ साली, केनिया, मलावी, मोझांबिक, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांच्या शैक्षणिक जाळ्यांनी एकत्र येऊन उबुंटुनेट अलायन्स काढली. सचिवालय मलावीत, लिलाँग्वेला. केबल अजून किनाऱ्याला लागलेली नाही, आणि ही मंडळी गिऱ्हाईक म्हणून एकजूट बांधून बसली आहेत! मला या सगळ्या कहाणीत हीच चार वर्षे सर्वांत महत्त्वाची वाटतात.

जुलै २००९ मध्ये सीकॉम ही समुद्री केबल सुरू झाली. तिचे एक टोक मुंबईत आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. त्याच वर्षी टीम्स, पुढच्या वर्षी ईसी. २०११ मध्ये आफ्रिकाकनेक्ट प्रकल्प आला. खर्चाचा ८० टक्के वाटा युरोपीय संघाचा, उरलेला आफ्रिकी भागीदारांचा. मोंबासा आणि दार-एस-सलामला भाव उतरले. पण मलावी, झांबिया, युगांडा यांना किनाराच नाही. बंदरापासून राजधानीपर्यंतची शेकडो किलोमीटर जमीन, मधली सरहद्द आणि दोन्ही बाजूंच्या कंपन्यांची मक्तेदारी यांतच पैसा जिरू लागला. समुद्र ओलांडणे सोपे ठरले, रस्ता ओलांडणे कठीण.

जमिनीवरच्या या कोड्याला अनेक देशांनी एकच उत्तर शोधले, आणि ते त्यांना डोक्यावरच सापडले. अतिदाब वाहिन्यांच्या मनोऱ्यावर सर्वांत वर जी तार असते, ती विजेची नसते. ती कडाडणारी वीज झेलून जमिनीत सोडणारी अर्थवायर. आजकाल तिच्या पोटात फायबर घालतात. आपण तिला ओपीजीडब्ल्यू म्हणतो. वीज कंपनीला उपकेंद्रे एकमेकांशी बोलती ठेवायला चार-सहा कोअर पुरतात, बाकीचे अंधारात पडून राहतात. बांगलादेशाने हेच हेरले. तिथल्या बीडीरेन या शैक्षणिक जाळ्याचा कणा वीज पारेषण कंपनीच्या अंधाऱ्या कोअरवर उभा राहिला. भूतानची वीजवाहिनी डोंगर ओलांडत जिथे जाते, तिथे फायबर आपोआप पोचले, आणि तिथल्या ड्रुकरेन या शैक्षणिक जाळ्याला तेच उपयोगी पडले. ब्राझीलच्या आरएनपी या शैक्षणिक जाळ्याने ईशान्येकडच्या चेस्फ या वीज कंपनीशी असाच करार केला.

यात जेसीबीचा धोका नाही, ही मोठी गोष्ट. ज्याने महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात लिंक सांभाळली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. अडचणीही आहेत. दुरुस्ती आपल्या हातात नसते, वीज कंपनीच्या वेळापत्रकाने चालावे लागते, आणि केबल उपकेंद्रावर उतरते, विद्यापीठात नव्हे. शेवटचे पाच-सात किलोमीटर आपल्यालाच चर खणून टाकावे लागतात. तरीही सौदा फायद्याचा, कारण हाती येते ती काच. कुणीतरी मोजून दिलेले एमबीपीएस नव्हेत.

हा फरक तरुण वाचकांसाठी जरा उलगडून सांगतो. खर्च काचेत नसतो. तो चरात, परवानग्यांत, रस्ता पूर्ववत करून देण्यात असतो. चोवीस कोअरऐवजी अठ्ठेचाळीस कोअरची केबल टाकली म्हणून खोदाई दुप्पट होत नाही. आणि एकदा कोअरची जोडी पंधरा-वीस वर्षांसाठी ताब्यात आली की क्षमता वाढवणे म्हणजे दोन टोकांची ऑप्टिक्स बदलणे. १५५० नॅनोमीटरला चांगल्या सिंगल मोड फायबरचा लॉस किलोमीटरला ०.२ ते ०.२५ डीबी. म्हणजे संभाजीनगर-जालन्याएवढे अंतर मध्ये एकही अ‍ॅम्प्लिफायर न लावता सहज कापता येते. आज १ जीबीपीएस, उद्या १०, परवा त्याच जोडीतून अनेक तरंगलांब्या.

याचा पुरावा शोधायला भूतानला जायला नको. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. प्रत्येक तबकडीपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत फायबर संस्थेचे स्वतःचे, जुन्नरच्या शिवारातून गेलेले. दुर्बिणीचे नूतनीकरण झाले तेव्हा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झवर न्यायचा होता. त्यांनी जुन्या संकेतांच्या जोडीने नव्या तरंगलांब्या त्याच काचेतून सोडल्या. हीच जोडणी वर्षाच्या बोलीवर भाड्याने घेतलेली असती तर नूतनीकरणाची फाईल कुठल्या टेबलावर अडली असती, याची कल्पना वाचकांना करता येईल.

देशाचे चित्र आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. अर्नेट हे शैक्षणिक जाळे १९८६ मध्ये सुरू झाले आणि मुंबईचे एनसीएसटी त्याचे मोठे केंद्र होते. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला ५,९९० कोटींची मंजुरी मिळाली. कण्यासाठी बीएसएनएल, पॉवरग्रिड आणि रेलटेल या सरकारी कंपन्यांची क्षमता वापरली गेली. कणा उत्तम झाला, टीआयएफआरसारख्या संस्थांतून सर्नचा विदा त्यावरून वाहतो. माझी तक्रार एवढीच, की संस्थेच्या दाराशी आपण एमबीपीएस नेऊन ठेवले. दारापर्यंतची काच कुणाची, आणि दाराच्या आत काय, हा प्रश्न ज्याचा त्याच्यावर सोपवला.

दाराच्या आत काय असते ते मी पाहिले आहे. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात १ जीबीपीएसची लिंक आली होती आणि पदार्थविज्ञान विभागाला मिळत होते ८ एमबीपीएस. पुरवठादारावर तीन पत्रे गेली होती. आम्ही माग काढत निघालो, तर मधल्या जिन्याखालच्या लाकडी कपाटात एक मीडिया कन्व्हर्टर, त्याला लागलेली पॅचकॉर्ड दाराच्या बिजागरीत चेपलेली, आणि कनेक्टरवर खडूची पूड. कपाटाची किल्ली निवृत्त शिपायाकडे. कनेक्टर पुसला, कॉर्ड बदलली, एकूण खर्च तीनशे रुपयांच्या आत.

एवढ्याशा धुळीने इतके नुकसान कसे, असे प्राचार्यांनी विचारले होते. अमेरिकेच्या ईएसनेट या संशोधन जाळ्याच्या अभियंत्यांनी नोंदवलेले उदाहरण इथे कामाचे आहे. त्यांच्या एका राउटरचे बिघडलेले कार्ड २२ हजार पॅकेटांमागे फक्त एक पॅकेट गाळत होते. जवळच्या जवळ कुणाला पत्ताही लागला नाही; दूरच्या संस्थांचा वेग मात्र कोसळला. गणित साधे आहे. मॅथिसच्या जुन्या सूत्राप्रमाणे एका टीसीपी प्रवाहाचा वेग फेरीच्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एवढीच गळती धरा. फेरीला १० मिलिसेकंद लागणाऱ्या राज्यातल्या राज्यात दोनशेच्या आसपास एमबीपीएस मिळतील. फेरीला १५० मिलिसेकंद लागणाऱ्या युरोपातल्या सर्व्हरकडून मिळतील जेमतेम १० ते १५. लिंक कागदावर १ जीबीपीएसच. नवे टीसीपी प्रकार थोडी भरपाई करतात, पण विदा ज्यांच्यापासून लांब आहे, त्यांनाच आपल्या जिन्याखालच्या कपाटाची किंमत जास्त मोजावी लागते, हे बदलत नाही. नैरोबीला हे लागू आहे, ढाक्याला आहे, परभणीलाही आहे.

ऑरेगन विद्यापीठातले एनएसआरसी हे केंद्र आफ्रिका-आशियात वर्षानुवर्षे कार्यशाळा घेते. त्यातला मोठा भाग समुद्री केबलींवर नसून कॅम्पसच्या रचनेवर असतो: इमारतींमध्ये सिंगल मोड फायबर, ताऱ्याच्या आकाराची मांडणी, मध्ये एकच राउटर. हे कंटाळवाणे काम आहे. त्याचे उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत. पण कण्यावर कोट्यवधी खर्चून झाल्यावर वेग ठरतो तो इथेच.

उबुंटुनेटसारखी एकजूट बांधण्याची संधी आपल्याकडेही आहे. औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींना मंजुरी मिळाली. त्या वेधशाळेला भरवशाचे फायबर लागणार, आणि एकाच वाटेने येऊन भागणार नाही. हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी आत्ताच, चर खणले जाण्याआधी, एकत्र येऊन त्या मार्गांवर आपल्यासाठी चार-चार कोअर मागावेत. एकेकट्याने मागितले तर कुणी दारात उभे करणार नाही.

आणि बाकीच्या वाचकांना एक काम. पुढच्या निविदेआधी एका दिवसासाठी फायबर तपासणारे ओटीडीआर यंत्र भाड्याने आणा, आवारातला प्रत्येक कोअर दोन्ही टोकांकडून मोजा, आलेख जपून ठेवा. निविदेत कोअरची संख्या, मार्गाचा नकाशा, कराराची वर्षे आणि दुरुस्तीचे तास लिहा. एमबीपीएस सर्वांत शेवटी. मोजमापांत काही विचित्र आढळले तर आम्हाला कळवा. जिन्याखालची कपाटे अजून बरीच उघडायची आहेत, त्यांच्यासाठी जानेवारीच्या अंकात चार पाने राखून ठेवली आहेत.