‘सर्वांत लांब बोगदा कोणता?’ हा प्रश्न आता पुरे



सामान्यज्ञान स्पर्धेची प्रश्नपत्रिका निघाली की ‘भारतातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा कोणता?’ हा प्रश्न कुठून ना कुठून त्यात येऊन बसतोच. ज्याला उत्तर पाठ आहे त्याला गुण मिळतात आणि विषय संपतो. यंदापासून हा प्रश्न ठेवू नये, असे आमचे मत आहे.

एक तर हे उत्तर टिकत नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्याचा पहिला नंबर होता. २०१३ मध्ये तो मान काश्मीर मार्गावरील अकरा किलोमीटरच्या पीर पंजाल बोगद्याकडे गेला, २०२४ मध्ये त्याच मार्गावरील पावणेतेरा किलोमीटरच्या बोगद्याकडे. २०२५ मध्ये उत्तराखंडात याहूनही लांब बोगदा आरपार खोदून झाला. मुलांनी दर दोन वर्षांनी उत्तर खोडून नवे पाठ करायचे, यात ज्ञान ते कसले?

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. लांबीवरून कष्ट कळत नाहीत. गोव्यातला पेडण्याचा बोगदा करबुड्याच्या पाव भागाइतका, जेमतेम दीड किलोमीटरचा. पण तिथे कातळ नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती. कातळ स्वतःचा भार पेलून धरतो, म्हणून त्यात स्फोट करत पुढे जाता येते. मातीला मात्र वीतभर खोदले की लगेच आधार द्यावा लागतो. पेडण्याला खोदलेले पुन्हा पुन्हा ढासळले, मजूर दगावले, आणि मुंबईहून मंगळूरला थेट जाणारी गाडी या दीड किलोमीटरसाठी अडून राहिली. २०२० च्या पावसाळ्यातही आतली भिंत कोसळून वाहतूक बंद पडली होती. एवढे सगळे असूनही पेडणे कोणत्याच गाइडमध्ये नाही, कारण त्याच्या नावावर विक्रम नाही!

(जाता जाता भाषेचे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि हिंदीत बोगद्याला ‘सुरंग’ म्हणतात. मराठीत ‘सुरुंग’ म्हणजे खडक फोडण्याची दारू. आपली इंदूरची मुले हमखास ‘रेल्वेचा सुरुंग’ लिहितात. अर्थ केवढा बदलतो ते पाहावे.)

कालव्यांचेही तसेच. फ्रान्समधला मालपासचा बोगदा दोनशे मीटरही नाही, पण १६७९ साली होड्यांच्या कालव्यासाठी डोंगर पोखरला गेला तो प्रथम तिथे. इंग्लंडमधला स्टॅनएज बोगदा पाच किलोमीटरचा. त्याला १७९४ ते १८११ अशी सतरा वर्षे लागली. खर्च वाचवण्यासाठी आत घोड्यांची वाटच ठेवली नव्हती. घोडे डोंगरावरून पलीकडे नेत, आणि माणसे होडीत उताणी पडून बोगद्याच्या भिंतीवर पाय रेटत होडी पुढे सरकवीत. भरलेली होडी पार व्हायला तीन तास लागत. हे ऐकल्यावर वर्गात प्रश्न येतातच, शिक्षकांना ते विचारायला लावावे लागत नाही.

आणि बोरघाट? पुण्याला आजोळी जाणारी आपली मुले कर्जत-लोणावळ्याच्या बोगद्यांतून जाताना गाडीत ओरडतात, तेवढाच त्यांचा परिचय. १८५६ ते १८६३ या काळात हा घाट फोडताना, इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे चोवीस हजार मजूर मेले. त्यांत कॉलऱ्यासारख्या रोगांचे बळी फार. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. एकाही बोगद्याला मजुराचे नाव नाही.

काही पालक म्हणतील की स्पर्धा परीक्षेत तर ‘सर्वांत लांब’ हेच विचारतात. विचारू देत. ते उत्तर एका ओळीचे आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री पाहता येते. शाळेचे तास त्यासाठी नाहीत.

विश्वस्त मंडळाकडे आमची एकच मागणी आहे. पातालपाणी ते कालाकुंड हा होळकर रेल्वेचा जुना मार्ग आपल्या दाराशी आहे. तुकोजीराव होळकरांनी त्या रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. नववीच्या सहलीला यंदा तिथे परवानगी द्यावी. आणि प्रश्नपत्रिकेत या वेळी एवढेच विचारले जाईल: करबुडे पेडण्याच्या चौपट लांब, तरी पेडण्याचा बोगदा मागे का राहिला? गुण पाच.