मशीन चालू आहे, टीप नाही

टेबलावर पत्रांचा गठ्ठा साचलाय आणि बहुतेकांचं रडगाणं एकच. खालून जाळी येते. टेन्शनचा नट आवळून आवळून बोटं दुखली, तरी जाळी जात नाही. मग नट इतका आवळला की वरचा दोरा तुटायला लागला, म्हणून परत ढिला केला आणि परत जाळी. पत्रं कागलहून आहेत, गडहिंग्लजहून आहेत, हातकणंगल्याहून आहेत, आणि लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना मशीन कुठल्या ना कुठल्या योजनेतून मिळालेलं आहे.

त्यातलं शाहूवाडीकडचं एक पत्र मुद्दाम सांगण्यासारखं आहे. मशीन आलं, पहिल्या आठवड्यातच टीप बिघडली, बाईंनी तक्रार केली. एक साहेब पत्रक घेऊन तपासणीला आले. पत्रकात लाभार्थ्याचं नाव, मशीनचा नंबर, मशीनशेजारी बसून काढलेला फोटो आणि सर्वांत खाली दोन चौकटी: ‘चालू’ आणि ‘बंद’. बाईंनी पॉपलीनच्या तुकड्यावर त्यांच्यासमोर टीप मारली आणि तुकडा उलटा करून दाखवला. खाली दोऱ्याचा नुसता गुंता. साहेब म्हणाले, “ताई, चाक फिरतंय न्हवं? मग चालू.” ‘चालू’वर खूण झाली. पुढे बाई गॅरंटी कार्ड घेऊन दुकानात गेल्या, तर दुकानदाराने तोच कागद पुढे केला: सरकारी तपासणीत मशीन चालू आहे, आता आम्ही काय करणार?

म्हणजे मशीन चालू आहे आणि कपडा शिवता येत नाही. अशा मशीनसाठी त्या पत्रकात तिसरी चौकट नाही.

पैशाची कमतरता आहे असंही नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंपी आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि पुढे पाच टक्के व्याजाने कर्ज. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याणाच्या निधीतूनही शिलाई मशिनं वर्षानुवर्षं दिली जातात. २०१६ च्या डिसेंबरातल्या शासन निर्णयानंतर वस्तूऐवजी पैसे थेट खात्यात, असं धोरण आलं. आधी मशीन घ्यायचं, बिल जोडायचं, मग रक्कम. रुपयाचा हिशेब चोख लागतो. टाक्याचा हिशेब विचारणारं कुणी नाही. प्रशिक्षणात डिजिटल पेमेंट येतं, मार्केटिंग येतं, कटिंग येतं. पण वर्गात बॉबिन केस उघडून तिचा स्क्रू दाखवला, असं एकाही बाईने कळवलेलं नाही. पाच दिवसांतला अर्धा दिवस त्याला दिला असता, तर हा गठ्ठा निम्मा झाला असता.

आता आपल्या लोकांबद्दल. साहेबांना टीपेतलं कळत नाही हे एक वेळ समजू शकतं, पण मेकॅनिकचं काय? घरी येतो, नट दोन फेरे आवळतो, बॉबिन केसचा स्क्रूही जाता जाता फिरवतो, आपल्या पिशवीतल्या जाड कापडावर टीप मारून दाखवतो, पैसे घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी बाई जॉर्जेट घेते की पुन्हा तेच. काय फिरवलं, किती फिरवलं, हे तो सांगत नाही. बहुधा त्यालाही आठवत नसतं.

वाचकांनाही चार शब्द ऐकवायला हवेत. टेन्शन बिघडलं म्हटलं की पहिला हात नटाकडे जातो, आणि बहुतेक वेळा नटाचा काही दोषच नसतो. खाली जाळी आली की दोष वरच्या दोऱ्यात शोधायचा, हे अजून किती वेळा छापायचं? फूट खाली ठेवून दोरा ओवला, तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात न बसता वरून घसरून जातो, आणि मग नट कितीही आवळा, आवळायला मध्ये दोराच नाही. फूट उचला, चकत्या मोकळ्या होतात, दोरा आत बसतो. मग फूट खाली घेऊन दोरा हाताने ओढून पाहा. अडून यायला हवा. टेक-अपच्या भोकातून दोरा सुटला असेल तरीही असाच गुंता होतो. त्यानंतर सुई. बोथट झालेली, वाकलेली किंवा पूर्ण वर न बसलेली सुई टाका सोडते, आणि शिव्या टेन्शनला बसतात. घरच्या झिगझॅग मशीनला सुईची चपटी बाजू मागे. गणवेशाच्या जाड कापडाला १६ नंबर, ब्लाऊजच्या नेहमीच्या कापडाला १४, जॉर्जेट-शिफॉनला ११. तुटेपर्यंत सुई न बदलणाऱ्या भगिनी आपल्यात किती आहेत, हे विचारायची सोय नाही.

बॉबिन केसवर जरा थांबावं लागेल, कारण खरी मेख तिथेच आहे. केसच्या बाजूला जी पातळ पट्टी असते, तिच्याखालून दोरा सरकतो. त्या पट्टीखाली कापसाचा एक तंतू जरी अडकला, तरी पट्टी उचललेली राहते, खालचा दोरा सैल पडतो आणि वरून पाहिलं तर वरचा दोरा कपड्यावर तारेसारखा आडवा पडलेला दिसतो. जाड कागदाची कड त्या फटीतून एकदा ओढा. टाचणी घालू नका. ओरखडा पडला की तिथे दोरा कायमचा अडकतो. मग भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याने लोंबकळत धरा आणि हाताला हलका झटका द्या. केस दोन-तीन बोटं खाली येऊन थांबली पाहिजे. सरळ जमिनीकडे निघाली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. पट्टीवरच्या दोन स्क्रूंपैकी मोठा फिरवायचा आणि तोही पाव फेऱ्याच्या आत. बॉबिन भरताना भरणीच्या चकतीतून दोरा न घेता नुसता बोटाने धरला, तर तो ढिला-घट्ट गुंडाळला जातो आणि टीप दर वीतभर बदलते. त्याला कुठलाच स्क्रू उपाय नाही.

एवढं सगळं झाल्यावर नट. वर लाल दोरा, खाली पांढरा, कापड तेच जे शिवायचं आहे, दुहेरी आणि तिरकं कापलेलं. टीप मारा आणि दोन्ही हातांनी ताणा. लाल आधी तुटला तर वरचं टेन्शन जास्त, पांढरा तुटला तर खालचं. गाठ दोन थरांच्या मधे बसली पाहिजे. आणि कृपा करून खोबरेल तेल डोक्यालाच लावा. थंडीत ते शटलमध्ये गोठतं, जुनं झालं की चिकट होतं, आणि मशीन जड झालं म्हणून मोटर लावणारे महाभाग या जिल्ह्यात आहेत. चकत्यांवर तर कुठलंच तेल नको.

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण गणवेश. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश, कापड वरून आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून, असा प्रयोग झाला. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, शिलाईबद्दल तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. म्हणजे निर्णय आता गावात होतो. मुख्याध्यापक नमुन्याची चड्डी हातात घेतात आणि बैठकीची शिलाई दोन्ही बाजूंनी ओढून बघतात. दोरा तटकन तुटला तर ऑर्डर गांधीनगरच्या कापडबाजारातल्या तयार मालाला जाते, आणि आपण चहाच्या टपरीवर सरकारला नावं ठेवत बसतो.

म्हणून दोन मागण्या आणि एक हुकूम. प्रशिक्षण केंद्रांनी पहिल्या दिवशी कटिंगच्या आधी अर्धा दिवस मशीन उघडायला द्यावा; त्यासाठी नवा निधी लागत नाही, एक स्क्रूड्रायव्हर लागतो. तपासणीच्या पत्रकावर फोटोशेजारी चार इंच टीप मारलेला कापडाचा तुकडा टाचावा, उलटी बाजू वर करून. यासाठी तालुक्या-तालुक्यातल्या शिंपी संघटनांनी निवेदन द्यायला हवं, आणि निवेदन म्हटलं की ज्यांना नेमकी त्याच दिवशी लग्नसराईची कामं निघतात, त्यांनी निदान सही करून पाठवावी. जुन्या मास्तरांनी तर आपल्या गावातल्या प्रशिक्षणाला स्वतः उठून जावं. बोलावणं येणार नाही. मानधनही मिळणार नाही. तरी जावं, नाहीतर त्याच मुली चार महिन्यांनी बिघडलेलं मशीन घेऊन तुमच्याच दारात येणार आहेत.

हुकूम वाचकांना. यापुढे ‘टेन्शन बिघडलंय, उपाय सांगा’ एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर मिळणार नाही. पत्रासोबत दोन रंगांच्या दोऱ्याने टीप मारलेला तिरका तुकडा हवा. त्यावर मशीन काळं साधं की झिगझॅग, सुईचा नंबर, दोरा कॉटन की पॉलिस्टर, आणि शेवटची सुई कधी बदलली ते लिहा. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत तुकडे आले तर पुढच्या अंकात फोटोसह उत्तरं देऊ. तुकडा धुऊन, इस्त्री करून पाठवू नका. जसा निघाला तसाच पाठवा.