दारात दहाचाकी

ऑफिसला निघताना बॅगेत टाकलेलं केळं कुठून आलं, याचा विचार तुम्ही-आम्ही करत नाही. करायचं कारणही नाही म्हणा. सोला, खा, सालपट डस्टबिनमध्ये. जगातला सगळ्यात नो-टेन्शन ब्रेकफास्ट! पण ते केळं ट्रकमधून आलेलं असतं. आणि ट्रकलाही रात्री कुठेतरी झोपायचं असतं. कुठे, हा प्रश्न माझ्या आजोळी, फैजपूरला, सध्या भलताच पेटलाय.

फैजपूर जळगाव जिल्ह्यातलं, यावल तालुक्यातलं. इतिहासाच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते. १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. मग पुस्तक पुढे निघून जातं. गाव राहतं तिथेच, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांच्या मधोमध. यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा सगळाच केळीचा पट्टा. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला जीआय टॅगही मिळाला. इथला माल उत्तरेत दिल्ली, पंजाबपर्यंत जातो. त्यामुळे इथे नुसतं 'गाडी' म्हटलं की ती कार असेलच असं नाही.

मामाच्या गल्लीत एका दादाची अशीच गाडी आहे. दहाचाकी. मालकही तोच, ड्रायव्हरही तोच, आणि बँकेचा हप्ताही त्याच्याच डोक्यावर. आठ-दहा दिवसांनी ट्रिप संपवून आला की गाडी सरळ रिव्हर्समध्ये स्वतःच्या अंगणात घालतो. आता गंमत अशी, की अंगण छोटं आणि गाडी मोठी. मागची आठ चाकं अंगणात, पुढची दोन रस्त्यावर!

कायद्याच्या भाषेत ही दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत, आणि गल्लीत एवढी भांडणं होऊन कोणाच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं.

काकूंची (समोरचं घर) तक्रार खरी आहे. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. गाडी बराच वेळ उभी राहिली की टाक्यांमधली हवा उतरते. मग पहाटे चारला इंजिन सुरू करून, प्रेशर भरेपर्यंत गाडी जागेवर घुरघुरत ठेवावी लागते. काकूंच्या मांडणीतली भांडी नाचतात, धूर थेट खिडकीतून आत. काकांना दमा. आणि रात्री-बेरात्री ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली तर ती आत शिरणार कुठून?

दादाचंही ऐकण्यासारखं आहे. ''ताई, गाडी पंपावर लावली तर सकाळी टाकीत डिझेल राहील का? अन् बॅटरी, स्टेपनी गेली तर हप्ता कोण भरेल? दहा दिवसांनी घरी येतो, तर पोरांजवळ झोपू का गाडीजवळ?'' यावर काकूंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मात्र मास कॉमच्या दिवसांपासून जीआर आणि ॲक्ट वाचायची सवय लागलीय. घरचे तिला खोड म्हणतात.

आधी पुढची दोन चाकं. रस्ता सार्वजनिक, त्यामुळे इथे दादाची बाजू लंगडीच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहनं कुठे उभी करायची ते सरकार किंवा त्यांनी नेमलेलं प्राधिकरण स्थानिक संस्थेशी बोलून ठरवतं. कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेलं वाहन गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो. नो-पार्किंगमध्ये असेल तर तेवढी वाट पाहायचीही गरज नाही. त्यात २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेतच. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. चारला सुरू झालेल्या डिझेल इंजिनचं त्यात काय होणार ते सांगायला नको. हे ऐकून काकू सॉलिड खूश.

पण मागच्या आठ चाकांचं काय? ती दादाच्या मालकीच्या प्लॉटवर आहेत, आणि खरी मजा तिथेच आहे.

आपल्या राज्याचा नगररचना कायदा १९६६ चा. त्यात 'विकास' या शब्दात नुसतं बांधकाम येत नाही, जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. म्हणजे राहत्या घराचं ट्रान्सपोर्टचं गॅरेज केलं, तर वीटही न रचता तुम्ही परवानगीशिवाय 'विकास' केलात! पण त्याच कायद्याचं कलम ४३ काही गोष्टींना परवानगीतून मोकळीक देतं. घराला जोडून असलेल्या जागेचा राहण्याला पूरक वापर ही एक. एरवी एका कामाला वापरली जाणारी जमीन प्रसंगी दुसऱ्या कामाला वापरणं, ही दुसरी.

मग रोजीरोटीची गाडी रात्री अंगणात ठेवणं हे राहण्याला पूरक की धंदा? मी वकील नाही, पण मला विचाराल तर नुसती गाडी ठेवणं आणि तिथेच तिचं वर्कशॉप उघडणं यात फरक आहे. दहा दिवसांतून एक-दोन रात्री गाडी उभी असेल तर दादाला लढायला जागा आहे. तिथेच ग्रीसिंग, धुलाई, माल चढवणं-उतरवणं सुरू झालं, शेजारी मेव्हण्याची गाडीही लागली, की संपलं. (मेव्हण्याची गाडी अधूनमधून लागते. काकूंनी फोटो काढून ठेवलेत.)

समजा नोटीस आलीच. तरी घाबरून कोणाच्या ओळखी काढत फिरायची गरज नाही. कलम ५३ मध्ये सोय आहे. नोटिशीच्या मुदतीत, हा वापर चालू ठेवू द्या असा अर्ज करता येतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीमुळे वापर बंद करावा लागत नाही. परवानगी नाकारली तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील. दादाने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ''म्हणजे पहाटे गाडी काढू का नको?''

बरोबरच आहे. अपिलाने काकूंची भांडी नाचायची थांबत नाहीत.

मापं बघा. ट्रकची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत असू शकते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ट्रान्सपोर्ट वाहनाच्या पार्किंगसाठी किमान जागा ३.७५ बाय ७.५ मीटर धरली आहे. दहाचाकी त्या साडेसात मीटरमध्येही मावत नाही! अशी गाडी गल्लीत लावायची नसेल तर गावाला तिच्यासाठी वेगळी जागा राखावी लागते. ती विकास योजनेत, म्हणजे डीपीत, ट्रक टर्मिनल किंवा वाहनतळ असं आरक्षण टाकून राखतात. डीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला की ३० दिवस हरकती-सूचना द्यायला मिळतात. त्या ३० दिवसांत गल्लीतलं कोण तिकडे फिरकतं? घरावरून रस्ता जात असेल तर सगळे पळतात, ट्रकसाठी कोणीच नाही. मग डीपी पुन्हा तपासायला कायद्याने २० वर्षांपर्यंतची मुभा आहे.

आणि आरक्षण पडलं म्हणजे जिंकलो असंही नाही. वाशीला मार्केट यार्डाजवळ ट्रक टर्मिनल होतं. त्या जागेवर सिडकोने घरं काढली. ऑक्टोबर २०२४ च्या 'माझे पसंतीचे सिडकोचे घर' योजनेत लोकेशनचं नावच 'वाशी ट्रक टर्मिनल' होतं. तुमच्यापैकी काहींनी फॉर्म भरलाही असेल. घरांची गरज खोटी नाही, पण ट्रक काही हवेत विरत नाहीत. ते शेजारच्या सेक्टरमधल्या रस्त्यावर येतात, बाल्कनीखाली.

फैजपूरला सध्या मामाच्या ओट्यावर एक अर्ज लिहिला जातोय. कलम ३७ खाली डीपीत फेरबदल करून अवजड वाहनांसाठी जागा राखावी, तिथे दिवे आणि रात्रीचा चौकीदार असावा. मजकूर माझा, पहिली सही दादाची. दुसरी सही काकूंची आहे, कारण गाडी एकदाची दारातून जावी ही इच्छा त्यांच्याइतकी कोणाचीच नाही. पहाटेसाठी तात्पुरता तह झालाय. ज्या दिवशी निघायचं, त्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी हायवेला न्यायची आणि त्या रात्री दादाने गाडीतच झोपायचं. मेव्हण्याने आपली गाडी आणायचीच नाही.

अर्जात एकच ओळ कोरी आहे, जागा कुठे ती. काकूंना ती गावाबाहेर, जितकी लांब तितकी बरी. दादाला रात्री दोनला गाडी लावून पायी घरी येता येईल एवढ्या अंतरावर हवी. ''भो, मग तिथून घरी यायला परत रिक्षा करू का?'' तो मामाला विचारत होता. काकू म्हणाल्या, ''चालावं की थोडं. दहा दिवस बसूनच तर असतो!''