आस्वाद आणि गुणदान

पोलंडमध्ये जानेवारीचा तिसरा शनिवार 'बाल्टिक पोर्टर दिन' म्हणून पाळला जातो. ही प्रथा २०१६ सालची, म्हणजे नवीच. परंतु ज्या पेयाच्या नावाने ती पडली त्याची कुळकथा दोनशे वर्षांहून जुनी आहे. बिअरच्या एका जातीविषयी या पानावर मजकूर आलेला पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. दारूबंदीचा प्रयत्न करणे हे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि व्यसनाने बसलेली घरेही आपण सर्वांनी पाहिली आहेत. न पिणाऱ्याने प्यावे असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवांची गणना केलेली आहे, ती काही पिण्याचे आमंत्रण म्हणून नव्हे. वस्तूचे गुणदोष नेमके सांगणे निराळे आणि तिची भलामण करणे निराळे. या काळ्या पेयाची पारख जाणकार कशी करतात, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. कारण त्या पारखीतील शिस्त ग्वाल्हेरसारख्या गाण्याच्या शहरात दिवसेंदिवस विरळ होत चालली आहे.

पोर्टर मूळचा लंडनचा. अठराव्या शतकात तेथील हमालांचे, म्हणजे पोर्टरांचे, हे आवडते पेय. त्यावरूनच त्याला नाव पडले असे मानतात. त्याचा कडक प्रकार पिंपांत भरून बाल्टिक समुद्रकाठच्या बंदरांत आणि रशियात जाई. सम्राज्ञी कॅथरिनच्या दरबारातही त्याचा शौक होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत साधा पोर्टर हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांसाठीही जहाजांनी येत असे. पुढे १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली आणि बाल्टिककाठी इंग्लिश माल येणे दुर्घट झाले. तेव्हा स्थानिक कारखानदारांनी तो आपल्या पद्धतीने करावयास घेतला. एकोणिसाव्या शतकात तिकडे थंडीत काम करणारे, तळाशी बसणारे यीस्ट रूढ झाले. त्याने मंद गतीने आंबवायचे आणि मग पुष्कळ दिवस गारठ्यात मुरू द्यायचे. लंडनचा रांगडा हमाल येथे येऊन मवाळ झाला तो या मुरण्यामुळे. पोलंडमधील झिवियेत्सचा पोर्टर १८८१ पासूनचा. हेलसिंकीत १८१९ साली स्थापन झालेल्या सिनेब्रिकॉफचा पोर्टर मात्र वर तरंगणाऱ्या यीस्टचाच राहिला. राग तोच, घराणे निराळे, असे समजावे.

आता त्याचे रूपगुण. यात मद्यार्क साधारण ६.५ ते ९.५ टक्के, म्हणजे नित्याच्या बिअरच्या दीडपट ते दुप्पट. म्हणून हा घटाघटा पिण्याचा पदार्थ नव्हे. रंग लालसर तांबूस ते गडद तपकिरी. पेला दिव्यापुढे धरला तर पुष्कळदा कडेला माणकाची झाक दिसते. फेस दाट आणि बदामी. वासात मोड आणून भाजलेल्या सातूचा गोडवा. त्यामागे काळ्या मनुका, सुके आलुबुखार, काकवी, ज्येष्ठमध, क्वचित अक्रोड. चवीत करपण्याच्या अलीकडे उतरवलेला साखरेचा पाक, थोडे चॉकलेट, थोडी कॉफी. शेवटी छातीत हलकी ऊब. परदेशी जाणकार आपापल्या भाषेत हेच सांगतात. पण पाहा, ते सांगण्यासाठी लागणारे सारे शब्द आपल्या स्वयंपाकघराच्या फडताळात आहेत. मराठीत चवीचे वर्णन करता येत नाही असे म्हणणाऱ्याने आधी ते फडताळ उघडून पाहावे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बाल्टिक पोर्टर काळसर असला तरी त्यात करपट चव चालत नाही. स्टाउट म्हणून जी काळी बिअर ओळखली जाते, तिच्यात भाजलेल्या धान्याचा कडवट करपटपणा हा गुण मानतात. येथे तोच दोष. संगीताच्या जाणकारास हे चटकन उमगेल. मारवा आणि पूरिया यांचे स्वर तेच: कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. परंतु मारव्यात ऋषभ-धैवतावर जो भर शोभतो तोच पूरियात दिला तर राग बिघडतो, कारण तेथे गंधार-निषादाचे राज्य. स्वर वाईट नसतो, जागा चुकलेली असते. म्हणून 'मला आवडले' हा निकाल नव्हे. ज्या जातीचे म्हणून समोर ठेवले त्या जातीच्या कायद्याने ते किती उतरले, हे सांगणे म्हणजे निकाल.

अमेरिकेत बिअरच्या परीक्षकांना शिकवून प्रमाणपत्र देणारी एक संस्था १९८५ पासून आहे. तिची गुणपत्रिका मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एकूण गुण ५०. त्यांतील वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाला व स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला फक्त तीन! पेला कितीही देखणा भरला तरी त्याची कमाई तिनाच्या वर जाणार नाही. परीक्षकापुढे येतो तो क्रमांक. पेय कोणी केले हे त्याला ठाऊक नसते. घोट लहान. फेस उतरण्याआधी आणि वास उडून जाण्याआधी नाक पुढे करायचे, मग जीभ. फार गार पेयाचा वास मिटलेला असतो, म्हणून पोर्टर दहाबारा अंशांवर येऊ द्यायचा. द्राक्षमद्याचे परीक्षक बहुधा घोट थुंकून टाकतात. येथे तो गिळावा लागतो, कारण कडवटपणा आणि मागे रेंगाळणारी चव गिळल्यावरच कळते. दोन पेयांच्या मध्ये पाणी आणि कोरडी बिस्किटे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येकाचा कागद पुरा होईपर्यंत परीक्षकांनी एकमेकांशी बोलायचे नाही. नंतर कागद जुळवायचे. आकड्यांत सातांहून अधिक अंतर पडले तर चर्चा करून जवळ यायचे. शिवाय नुसता आकडा पुरत नाही, शब्दांत कारण द्यावे लागते: भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा शिळा वास आहे, आंबटपणा शिरला आहे, मद्यार्क घसा जाळतो आहे. कारण वाचून करणाऱ्याने पुढची खेप सुधारावी, हा त्यातला उद्देश.

आता आपल्याकडच्या गायनस्पर्धा आणि परीक्षा आठवा. मुलगी तंबोरा जुळवीत असते, तोच तिच्या गुरूचे आणि घराण्याचे नाव पुकारले जाते. ज्येष्ठ परीक्षकांची मान हलली की शेजारच्यांच्या लेखण्याही त्याच दिशेने हलतात. आमचे वडील दरबारचे गवई होते. नाव पुकारताच अर्धी दाद पदरात पडते ती कशी, हे आम्ही घरातच पाहिले आहे, आणि ज्यांच्या पाठीशी असे नाव नाही त्या विद्यार्थ्यांचे उतरलेले चेहरे आज शिकवताना पाहतो. निकालाच्या कागदावर त्यांना मिळतो तो फक्त आकडा. षड्ज स्थिर नव्हता, की ताना लयीवर चढल्या नाहीत, की विलंबितात रागाची बढत झालीच नाही, याचा एक शब्दही नाही. बेताल वेशभूषेवरचा शेरा मात्र कधी चुकत नाही. रूपाला तीन गुण देणारी ती गुणपत्रिका अशा वेळी फार आठवते.

कोणी म्हणेल, पेल्याचे नाव झाकता येते, गळ्याचे कसे झाकणार? लहानशा शहरात दोन आलापांत कोण कोणाचा शिष्य ते कळते. खरे आहे. सारेच झाकता येणार नाही. परंतु नाव पुकारण्याऐवजी क्रमांक पुकारता येईल. परीक्षकांना वेगवेगळे बसवून कागद पुरा होईपर्यंत मौन पाळता येईल. स्वर, लय, रागशुद्धी आणि एकंदर परिणाम यांचे गुण आधी ठरवून जाहीर करता येतील. आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती कारणांच्या चार ओळी देता येतील. याला पैसा लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि आपल्या मताला कारण मागितले जाईल हे सोसण्याची तयारी.

बाल्टिककाठचे लोक एका काळ्या पेयाच्या बाबतीत एवढे कष्ट घेतात. आपल्याकडे तर ख्याल आहे. येत्या हंगामातल्या स्पर्धांच्या चालकांनी निदान त्या चार ओळींपासून सुरुवात करावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.