भीमाशंकरची पाऊलवाट

श्रावणी सोमवार आले की भीमाशंकराकडे भाविकांची रीघ लागते. मंचर-घोडेगावकडून येणारा मोटाररस्ता माणसाला देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आणून सोडतो. वृद्धांना व दुबळ्यांना या रस्त्याने देवदर्शन सुलभ केले, हे मान्यच करावयास हवे. परंतु याच ज्योतिर्लिंगाकडे कोकणातून चढणाऱ्या जुन्या वाटांचा मात्र आपल्याला विसर पडू लागला आहे.

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी खांडस हे गाव आहे. तेथून दोन वाटा वर जातात. शिडी घाटाची वाट थेट कड्याला भिडते. कातळाचे काही टप्पे शिड्यांनीच चढावे लागतात. ऐन पावसात, शेवाळलेल्या दगडावर, त्या वाटेचा हट्ट धरणे म्हणजे भक्ती नव्हे. गणेश घाट लांबचा, पण सोशिक. गणपतीचे लहानसे देऊळ मागे टाकून, पदरगडाला बाजूला ठेवून तो वळणावळणाने चढतो. डोंगराच्या पदरावर दोन्ही वाटा एकत्र येतात आणि तेथून माथ्यापर्यंत दाट रान सोबत करते.

हे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथला रहिवासी. हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. झाडाच्या शेंड्यात काटक्या-पानांचे घरटे बांधतो आणि फांदीवरून फांदीवर झेप घेत आपला संसार चालवितो. वर फांद्यांना फांद्या भिडलेल्या असतील तरच त्याचा मार्ग अखंड राहतो. पाऊलवाट त्या छताखालून निमूट निघून जाते. रुंद रस्ता ते छत फाडतो.

म्हणूनच यात्रेकरूंच्या सोयीसाठी या वाटा रुंद कराव्यात, त्यांवर फरशी घालावी, अशी कोणतीही कल्पना आम्हांला मान्य होण्यासारखी नाही. त्याचबरोबर, जंगल राखावयाचे म्हणून वाटाच बंद कराव्यात, हेही पटत नाही. न चाललेली घाटवाट दोन-चार पावसाळ्यांत कारवीखाली गडप होते आणि तिच्याबरोबर ती जाणणाऱ्यांचे ज्ञानही जाते. वाटेवरून आडवे वाहणारे पाणी वळते करणे, ढासळलेले दगड पुन्हा रचणे, फाट्यावर खूण ठेवणे, एवढीच डागडुजी पुरे आहे. हे काम पायथ्याच्या व पदरावरच्या वाड्यांतील महादेव कोळी आणि ठाकर मंडळींकडे, योग्य मजुरी देऊन, सोपविणे उचित. रान त्यांच्याइतके कोणी ओळखत नाही.

चालणाऱ्यांकडूनही थोडी अपेक्षा आहे. बेलफुले न्यावीत, प्लास्टिकची पिशवी मात्र परत आणावी. रानात ध्वनिवर्धक तर नकोच. खांडसहून निघावयाचे ते पहाटे, म्हणजे उजेड असेतो उतरता येते. धुके दाटले असेल तर गावातील वाटाड्याला सोबत घ्यावे.